संत्र्याच्या बागेतला खड्डा

मागच्या वर्षी दिवाळी झाली आणि रामाकोन्याच्या आमच्या बागेत सकाळीच जेसीबी येऊन उभा राहिला... संत्र्याची झाडं उपटायला.

बाग माझ्या मोठ्या भावाची, दादाची. मी सौंसरला शाळेत शिकवते, सुट्टी असली की शेतात जाते. वरच्या अंगाची झाडं हिरवीगार होती, पण खालच्या अंगाची काही वर्षांपासून पिवळी पडत चालली होती. शेंडे वाळायचे, फळ लिंबाएवढं राहून गळायचं.

दादाने काय नाही केलं! खतं दिली, फवारण्या केल्या, दुपारी पानं मलूल दिसली की पाणी वाढवलं. शेवटी म्हणाला, "आता मले पाह्यवत नाही. काढूनच टाकतो एकदाचे."

ती झाडं त्याने आणि वहिनीने मिळून लावली होती. त्या सकाळी वहिनी शेताकडे फिरकलीसुद्धा नाही.

दादाची मुलगी केतकी नागपूरला कृषी कॉलेजात एम.एस्सी. करते... विषय माती. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली होती. मशीन सुरू झालं तशी ती सरळ त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"बाबा, काढायची तं काढा. पण आधी इथे एक खड्डा करू द्या. माणूसभर खोल."

"खड्ड्यात काय पाह्यतं? मातीच तं हाय."

"इतकी वर्षं वरूनच पाहून राहिले न तुम्ही. एकदा आतून पाहा."

दादाने ड्रायव्हरला हाताने खूण केली... कर बाबा, ही म्हणते तसं.

खड्डा झाला. केतकी आत उतरली, खुरप्याने एक बाजू हळूहळू खरवडत साफ केली आणि आम्हाला हाक मारली. दादा उतरला, त्याच्यामागे मी, ओढणी कमरेला खोचून.

खरं सांगते, मी त्या शेतात लहानाची मोठी झाले. माती म्हणजे काळी आणि चिकट, पावसाळ्यात चपला ओढून घेणारी, एवढंच मला माहीत. आणि इथे समोर एक अख्खी भिंत उभी होती. वर काळा थर, त्याखाली करडा, आणि त्यात हरभऱ्याएवढे पांढरे खडे.

केतकीने बाटलीतून ॲसिडचे दोन थेंब त्या खड्यांवर टाकले. ते सोड्यासारखे फसफसले! म्हणाली, हा चुना. मातीत लोह असलं तरी हा झाडाला ते नीट घेऊ देत नाही, म्हणून पानं पिवळी.

मग तिने मुळं दाखवली. वरची चांगली होती, पांढुरकी. खाली गेलेली मात्र काळी पडली होती. तिने एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर सालच निघून हातात आली. कुजका वास सुटला. आणि खड्ड्याच्या तळाशी, आमच्या पायांपाशी, चारी बाजूंनी पाणी झिरपत होतं... पाऊस जाऊन कितीतरी दिवस झाले होते.

दादा त्या पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी तहान लागली समजून पाणी पाजून राहिलो होतो... अन् हे बुडून राहिले होते."

केतकीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मग तिने भिंतीतून मातीचं एक ढेकूळ अलगद काढून माझ्या हातावर ठेवलं. त्याची एक बाजू तासून पॉलिश केल्यासारखी चमकत होती. मी विचारलं, हे कोणी केलं गं?

"मातीनंच, आत्या. उन्हाळ्यात ही आकसते, भेगा पडतात, वरची माती त्यात पडते. पावसाळ्यात फुगली की तिला जागाच पुरत नाही. मग तिची ढेकळं आतल्या आत एकमेकांवर घासून अशी चमकतात."

तेवढ्यात दादाने कमरेइतक्या खोलीवरून एक निळा धागा ओढून काढला. प्लास्टिकच्या दोरीचा तुकडा! बागेच्या आधी तिथे कापूस होता, तेव्हाची दोरी असणार. कोणी पुरलेली नव्हती. जमिनीनेच भेगेतून आत घेतली होती... माझ्या अंगावर काटा आला. आम्ही वर नांगरत होतो आणि खाली ती स्वतःच स्वतःला उलथीपालथी करत होती.

पाणी इथेच का तुंबतं, हे मात्र केतकीलाही सांगता येईना. ते दादाने सांगितलं. खड्ड्यातून बाहेर आला, उताराकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "इथून नाला जात होता, आजोबाच्या वेळेस. मंग जमीन सपाट केली."

दुपारपर्यंत त्याच जेसीबीने जुन्या नाल्याच्या रेषेत खोल चर खोदला, ओळींच्या मधून त्याला छोटे चर जोडले. पार वाळलेली झाडं काढली. बाकीची ठेवली. पाणी कमी केलं, तेही माती हातात घेऊन पाहिल्याशिवाय द्यायचं नाही असं ठरलं.

सगळी वाचली नाहीत. काही झाडं उन्हाळ्यात गेलीच. चुना तर काही जात नाही, तो तिथलाच. पण या पावसाळ्यात चरातून पाणी वाहून गेलं, आणि परवा गेले तर उरलेल्या झाडांना नवी पालवी होती... कोवळी, चकचकीत, हिरवी. वहिनी एकेका झाडाजवळ थांबून पानं उलटीपालटी करून बघत होती.

मोकळ्या झालेल्या जागेत तूर लावली आहे. संत्रा तिथे पुन्हा नको, हे दादाच म्हणाला.

ज्या जमिनीने आम्हाला पोसलं, ती मला या वयात पहिल्यांदा दिसली. दाखवणारी आमच्याच घरची पोर होती, आणि बघायला खाली उतरणारा तिचा बाप... दोघांचेही उपकार मानते.