काळ्या पाण्यावरचे खापरपणजोबा

"अहो, घराणं बरं दिसतंय," आई बाबांच्या कानात म्हणाली. आईची कुजबुज शेजारच्या घरात ऐकू जाते. पण हॅमिल्टनमधल्या त्या हॉलमध्ये मराठी कळणारी तिसरी मीच होते, म्हणून निभावलं.

ज्याच्या घरी आम्ही बसलो होतो, त्या मुलाशी मला लग्न करायचं होतं. आईबाबा पुण्याहून त्यासाठीच आले होते. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीच बोलत नव्हतं. मी तर मुळीच नाही. सांगायला ते 'न्यूझीलंड बघायला' आले होते.

त्याच्या वडिलांना निवृत्तीनंतर वंशावळ शोधायचा नाद लागला होता. टेबलावर मोठा कागद पसरून त्यांनी थेट इंग्लंडमधल्या यॉर्कशरपासून सुरुवात केली. एक पाद्री, एक गावचा डॉक्टर. मुलाकडचे आपणहून घराण्याची माहिती देताहेत हे बघून आई खूश झाली. सगळं मराठीत सांगायचं काम माझ्याकडे होतं, कारण बाबांचं इंग्रजी पुण्याचं आणि त्यांचं इथलं, दोघं एकमेकांना नुसतं "सॉरी?" म्हणत होते.

पाव्हलोवाचा केक कापता कापता त्याच्या वडिलांनी ठेवणीतला पूर्वज काढला. हा मेंढ्या चोरताना पकडला गेला, शिक्षा म्हणून जहाजात घालून ऑस्ट्रेलियाला पाठवला गेला आणि सुटल्यावर इकडे आला. इथे घराण्यात असा चोर सापडला की लोकांना लॉटरी लागल्यासारखं वाटतं. मराठीत सांगताना मी मेंढ्या गाळल्या.

"यांच्या खापरपणजोबांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती," मी म्हटलं.

बाबा ताठ बसले. आईने चक्क हात जोडले. "बाई गं! देशासाठी?"

मी पाणी प्यायले. बराच वेळ प्यायले.

"स्वतः इंग्रज असून इंग्रज सरकारशी लढले!" बाबा उठले, त्याच्या वडिलांचा हात दोन्ही हातांत धरला आणि एकेक शब्द सुटा करत इंग्रजीत म्हणाले, "सर, असा त्याग फार थोड्यांना जमतो."

वडील आधी गोंधळले, मग मनापासून हसले. तेही तितकंच सावकाश बोलले. "त्याग कसला? शेजाऱ्याच्या मेंढ्या होत्या." कळलं नसेल म्हणून दोन बोटांनी काहीतरी उचलून कोटात लपवल्याची खूण केली आणि वर "बेंऽऽ" असं ओरडूनही दाखवलं.

भाषांतराची गरज उरली नाही.

"मेंढीचोर?" बाबा खाली बसले.

"आता तुझ्या आत्यांना काय सांगू?" आई म्हणाली. "काय गं, हेच का तू शोधलेलं घराणं?"

तो माझ्या शेजारी बसला होता. मराठी कळत नसूनही त्याचे कान लालबुंद झाले होते. सगळे माझ्याकडे बघत होते.

"आई, मेंढ्या त्या खापरपणजोबांनी चोरल्या," मी म्हटलं. "मला लग्न याच्याशी करायचंय."