घोरण्यावर कान ठेवून केलेला स्वयंपाक

माझ्या नवऱ्याचं घोरणं ही मोहोपाड्याच्या आमच्या कॉलनीची सार्वजनिक मालमत्ता होती. कारखान्यात रात्रपाळी करून तो सकाळी उशिरा घरी यायचा, आंघोळ-नाश्ता करून आडवा व्हायचा, आणि मग दुपारभर आमची इमारत थरथरायची. खालच्या मजल्यावरच्या बाईने कुकरच्या शिट्ट्या मोजणं सोडलं होतं. तूरडाळ मऊ व्हायला किती घोरणी लागतात ते तिला तोंडपाठ होतं. एकदा आमच्या खिडकीत बसलेलं कबूतर हादऱ्याने खाली पडलं. मी डोळ्यांनी पाहिलं. पडलं नसेल तर उतरलं असेल, पण घाईने उतरलं.

मी कर्जतची, मास्तरांच्या घरातली. आमच्याकडे माणसं शिंकतातसुद्धा परवानगी घेऊन. त्यामुळे माहेरी गेले की नवऱ्याच्या घोरण्याच्या गोष्टी सांगून मी अख्खी ओटी हसवायचे. दर वेळी कबूतर थोडं मोठं व्हायचं. मागच्या वर्षी त्याची घार झाली होती.

मग एका दुपारी मी कांदा चिरत होते आणि घोरणं मध्येच तुटलं.

कूस बदलली असेल म्हणून मी चिरत राहिले. कांदा संपला, तरी आतून काही नाही. मी सुरीसकट खोलीत गेले. तोंड उघडं होतं, पोट वर-खाली ओढलं जात होतं, आणि आत हवा जात नव्हती. मी हाक मारायला गेले तर आवाजच निघेना. माझा आवाज, जो बाजारात भाजीवाल्यांना अंगावर आल्यासारखा वाटतो. तेवढ्यात त्याच्या घशातून बुडत्या माणसाला केसाला धरून वर काढल्यासारखा आवाज आला आणि घोरणं परत सुरू झालं. तो जागासुद्धा झाला नाही. मी तिथेच फरशीवर बसले. हात कांद्याचे होते, म्हणून डोळे पुसता येईनात.

ते रोज होत होतं. आजवर मी हसण्यात घालवलं होतं, एवढंच.

खालापूरच्या डॉक्टरीणबाईंनी त्याची मान टेपने मोजली, वजन घेतलं आणि सांगितलं, "मानेभोवती चरबी साचली की झोपेत श्वासाची वाट बंद होते. हे हसण्यावारी नेऊ नका. पनवेलला झोपेची तपासणी करून घ्या. बहुतेक झोपताना हवेच्या यंत्राचा मास्क लावावा लागेल."

"डुटीभर तोंडाला मास्क असतो, मॅडम," नवरा म्हणाला. "आता झोपेत पन? मंग माझं तोंड मी बघायचं कवा?"

"फार बघण्यासारखं नाही," मी म्हटलं.

बाई हसल्या नाहीत. तपासणी झाली आणि त्यांचंच खरं ठरलं. शेवटी त्यांनी त्याला एक संधी दिली: दिवाळीपर्यंत वजन उतरवायचं, दर शनिवारी येऊन काट्यावर उभं राहायचं. नाही उतरलं तर मास्क, आणि मग कुरकुर चालणार नाही. त्यांनी मला विचारलं, "हे दिवसभरात काय काय खातात? सगळं सांगा." मी सगळं सांगितलं. चहातली खारी सांगितली, हळदीकार्यातलं मटण सांगितलं, मित्राने बळेच भरवलेली जिलबीही सांगितली.

घरी आले आणि स्वयंपाकघर उलटं केलं. पूर्वी आमच्या वालाच्या बिरड्यावर तेलाचा असा तवंग असायचा की त्यात बघून मी टिकली लावायचे. आता चमचाभर तेल, आणि खोबरं नुसतं दाखवायचं. बोंबील तळायचे बंद, केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर. सकाळी मुगाचं धिरडं, जेवायला भाताऐवजी नाचणीची भाकरी. पहिली भाकरी ताटात पडली तेव्हा ताट वाजलं.

नवऱ्याने ती उजेडात धरून पाहिली. "ही खायची हाय का पंपाच्या पॅकिंगला न्यायची?"

"आधी खा. उरली तर न्या."

खाल्ली बिचाऱ्याने. हे सगळं मी त्याच्या घोरण्यावर कान ठेवून करत होते. मिक्सर लावायचा नाही, पाट्यावर वाटायचं. नळ बारीक सोडायचा. फोडणी द्यायला घोरण्याच्या चढाची वाट बघायची, कारण तुटलं तर ते तडतडण्यात ऐकू आलं नसतं. तुटायचं तेव्हा हातातला झारा हवेत राहायचा. परत सुरू झालं की माझाही श्वास सुरू व्हायचा.

आणि काटा जागचा हलेना. एका शनिवारी तर थोडा वरच गेला.

"बॅटरी उतरली असंल काट्याची," नवरा म्हणाला.

"हे घरात काहीतरी चोरून खातात का?" डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं. मी शपथेवर नाही म्हटलं. डबे मी पहाऱ्यात ठेवले होते. परत येताना तो गाडी चालवत होता आणि मी मागे बसून त्याची मान बघत होते. मान म्हणण्यासारखं तिथे काही नव्हतंच. डोकं सरळ खांद्यांवर ठेवलेलं होतं. वजन वाढतंय म्हणजे ती आतली वाट अजून अरुंद होतेय, एवढंच माझ्या मनात फिरत होतं.

त्याचं गाव खालापूरच्या पुढे, हमरस्त्याच्या आवाजात. पाळी सुटली की तो आधी तिकडे जातो, म्हशीला बघतो, वालाच्या शेतात चक्कर मारतो, मग घरी येतो. लग्न झाल्यापासूनचा नेम. त्या आठवड्यात नाचणी दळून आणायला मी सकाळीच गावी गेले, तर हा ओटीवर मांडी घालून बसलेला, पुढ्यात वाडगा. शेजारी चुलीवरून उतरवलेलं पातेलं. त्यात रेडकाला आंघोळ घालता आली असती. आत पेज होती, आणि त्या पेजेत डाव उभा राहत होता. सोबत लालभडक तेलात परतलेली सुकट.

"हे काय?" मी म्हटलं.

"पेज हाय गं," सासूबाई म्हणाल्या. "जेवन कुठं दिलंय त्याला? तू सांगितल्यापासून भाताचं शीत नाय दाखवलं मी."

त्या खोटं बोलत नव्हत्या. या घरात पेज जेवणात धरत नाहीत. तीन वाडगे पिऊन उठलेल्या माणसाला विचारा, जेवलास का, तर तो सांगेल, नाय, नुसती पेज घेतली. आणि मी? इतकी वर्षं रोज सकाळी हा इथे पेज पितो हे मला माहीत होतं. जिलबीसुद्धा सांगणाऱ्या मला डॉक्टरांपुढे पेज आठवली नव्हती. पाणी पितो हे कुणी सांगतं का?

मी सासूबाईंना आजवर नुसतं वजनाचं सांगितलं होतं. त्या दिवशी श्वासाचं सांगितलं.

त्यांनी डाव खाली ठेवला. "घोरता घोरता गप होतो?"

"हो."

"आनि मंग घुसमटल्यागत करतो?"

"हो."

भिंतीवर सासऱ्यांचा हार घातलेला फोटो होता. मी त्यांना पाहिलेलं नाही. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी ते गेले. सासूबाई फोटोकडे न बघता बोलल्या. "याचा बाप पन असाच घोरायचा. गप झाला का आमी म्हनायचो, आता बरी झोप लागली. एक दिवस दुपारचा गप झाला. मी पोरांना बाहेर काढलं. म्हनलं कालवा करू नका रं, झोपू दे त्याला."

हमरस्त्यावरून एक कंटेनर गेला, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

नवऱ्याने वाडगा खाली ठेवला. अर्धा भरलेला. मी पुष्कळ गोष्टी फुगवून सांगते, पण हा वाडगा मी फुगवत नाही. तो अर्धाच राहिला आणि शेवटी म्हशीला गेला.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी पातेलं माळ्यावर टाकलं. नाचणीची पातळ आंबील, एक वाटी, वर चिमूटभर जिरं. दुसरी मागितली तर म्हणायच्या, "घरी जा, बायको वाट बघतेय." मला शेवग्याचा पाला, कारली, रताळी अशी पोतीच्या पोती यायला लागली. एका पिशवीवर मी झोपू शकले असते. आणि काटा उतरायला लागला. आधी कुरकुरत, मग दर शनिवारी. पावसाळा सरेपर्यंत नवऱ्याला मान फुटली. दिवाळीच्या आधी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पनवेलला पाठवलं, कागद वाचले आणि पहिल्यांदा हसल्या. मास्क टळला.

घोरणंही बारीक होत गेलं. खालची बाई एक दिवस वर येऊन म्हणाली, "अगं, माझी डाळ कच्ची राहते हल्ली." आम्ही दोघी हसलो.

मग एका दुपारी मी तव्यावर भाकरी टाकली आणि लक्षात आलं, आतून काहीच आवाज नाही. तुटलेला नाही, मुळातच नाही. ज्या शांततेसाठी महिनोन्‌महिने झटले ती घरात येऊन बसली होती. ही शांतता चांगली की ती जुनी, सासऱ्यांची, हे स्वयंपाकघरातून कसं ओळखायचं? मी गेले. उजेड पडद्यातून येत होता, तोंड मिटलेलं होतं. मी पिठाचा हात त्याच्या नाकाखाली धरला.

"जित्ता हाय मी," तो डोळे न उघडता म्हणाला. "आनि तुझी भाकरी करपली."

"थोडं घोरा ना," मी म्हटलं. "भाकरी उलटेपर्यंत."

तो घोरला. खोटं घोरणं मला लगेच ओळखू येतं, चढच चुकतो. तरी ते ऐकतच मी ओट्यापाशी गेले आणि भाकरी उलटली.