मालनबाईनं घेतलेलं साहेबाचं सोंग

वांकिडीपासून दोन कोसांवरच्या त्या गावात मालनबाईला सगळे ओळखत, पण तिचा आवाज फारसा कुणी ऐकला नव्हता. घरात, शेतात ती बोले. अनोळखी माणूस समोर आला, की पदर दातात धरून खाली बघत उभी राही. अठ्ठेचाळीसच्या भादव्यापासून तिचं असं झालं होतं.

त्या भादव्यात गावात एक लॉरी आली होती. आलेली माणसं कोणत्या बाजूची होती, निजामाच्या की हिंद सरकारच्या, यावर गावाचं कधी एकमत झालं नाही. खाकी कपडे होते आणि बंदुका होत्या, एवढंच सगळे सांगत. त्यांनी बाप्यांना पारापाशी रांगेत उभं केलं आणि एकेकाला नाव-गाव विचारलं. मालनबाईचा चुलतदीर उद्धवराव पुढे होता. त्याला हिंदी येई. त्यानं चटचट उत्तरं दिली, मग पुढे वाकून हलक्या आवाजात आणखी काही बोलला. मालनबाई दारात उभी होती, तिला ते ऐकू आलं नाही. त्यानंतर तिच्या नवऱ्याला, लक्ष्मणरावाला, विचारलं. त्याच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी त्याला दंडाला धरून लॉरीत चढवलं. तो परत आला नाही, त्याची काही खबरही आली नाही. मालनबाई कुंकू लावत राहिली आणि तिचं शेत उद्धवराव बटाईनं करू लागला.

पंचावन्न साली विनोदिनीबाई आल्या. आदिलाबादच्या, शिकलेल्या घरातल्या. बायकांना लिहायला-वाचायला शिकवायचं काम सरकारनं त्यांना दिलं होतं. देवळाच्या ओसरीत दुपारी वर्ग भरे. दोन-तीन महिन्यांत त्यांना कळलं, की बायका सही करायला शिकल्या तरी कचेरीच्या दारातून माघारी फिरतात. मग त्यांनी एक खेळ काढला. पालथी टोपली म्हणजे टेबल. एक बाई साहेब व्हायची, बाकीच्यांनी एकेक करून समोर जायचं आणि आपलं काम सांगायचं.

मालनबाई काही केल्या समोर जाईना. "मग तुम्ही साहेब व्हा," विनोदिनीबाई म्हणाल्या.

ती टोपलीमागे बसली. पाठ ताठ केली. पहिली पाळी रेणुकाबाईची होती.

"नाम?" मालनबाईनं विचारलं. तो आवाज कुणाच्याच ओळखीचा नव्हता. "सर उठाके बोल. जौजे, या बेवा?"

जौजे म्हणजे बायको, बेवा म्हणजे विधवा. कचेरीच्या कागदात बाईच्या नावापुढे यातलं एक लागतंच. रेणुकाबाईचा नवरा दोन वर्षांपूर्वी तापानं गेला होता. ती मटकन खाली बसली आणि रडू लागली.

विनोदिनीबाई पुढे झाल्या. "मालनबाई, जरा सौम्य विचारा."

"ते असेच विचारतेत, बाई," मालनबाई शांतपणे म्हणाली. "मी गोड बोलली त ह्या शिकतीन काय?"

खेळ चालू राहिला. साहेब नेहमी मालनबाईच. ती कागद फेकी, मध्येच तोडे, तोच प्रश्न तीनदा विचारी. बायका आधी थरथरत, मग उभं राहायला शिकल्या, मग नजर वर करून सांगायला शिकल्या. चार महिन्यांत रेणुकाबाई एकटी तहसिलात जाऊन नवऱ्याच्या शेताला आपलं नाव लावून आली. पण घरी जाताना बायका मालनबाईच्या बरोबर चालेनाशा झाल्या.

"तुमची पाळी कधी?" विनोदिनीबाईंनी एकदा विचारलं.

"माह्याजवळ जवाब नाई," ती म्हणाली.

छप्पन सालच्या दसऱ्याआधी जीप आली. हैदराबाद राज्याचा मुलूख वाटला जाणार होता. शेजारचा राजुरा तालुका मुंबई राज्यात, हे गाव आंध्रात. नव्या कागदांसाठी जमिनी आणि नावं पुन्हा लिहून घेत होते. साहेब तेलुगू होता. त्याला मराठी कळे, पण गावाशी हिंदीत बोलत होता. बायकांनी धडाधड उत्तरं दिली. त्यानं लेखणी खाली ठेवली.

"सगळ्या एकसारख्या बोलतात. यांना पढवून कुणी ठेवलं?"

उद्धवराव पुढे झाला. "साहेब, ही मालन. सरकारी साहेबाचं सोंग घेते ओसरीत. त्या मास्तरणीनं शिकवलं."

साहेबानं मालनबाईला बोलावलं. नाव विचारलं, ते तिनं कसंबसं सांगितलं. मग त्यानं विचारलं, "जौजे लिहू, की बेवा?"

तिचं तोंड मिटलं. पदर दातात गेला. साहेबानं पुन्हा विचारलं. उद्धवराव म्हणाला, "ती बोलत नसते, साहेब. तिच्या वतीनं मीच सांगतो."

तेव्हा रेणुकाबाई रांगेतून निघून तिच्यासमोर उभी राहिली. पाठ ताठ केली आणि मालनबाईच्याच त्या कोरड्या आवाजात म्हणाली, "सर उठाके बोल. आदमी कहाँ है?"

मालनबाईनं मान वर केली. "लॉरीत घालून नेला. आठ वर्सं झाले. जिता हाय का मेला, मले कोनी सांगतलं नाई. हे भाऊजी त्या दिवशी त्यायच्याशी बोलत होते. त्यायले विचारा."

साहेबानं उद्धवरावाकडे पाहिलं. मग वहीत लिहिलं, की चौकशी व्हावी.

त्याच महिन्यात बायकांना पढवल्याबद्दल विनोदिनीबाईंना खुलाशासाठी बोलावणं आलं. त्या गेल्या त्या गेल्याच. पुढे कळलं, की त्यांची बदली राजुऱ्याला झाली आणि पाठोपाठ राजुराच दुसऱ्या राज्यात गेला. उद्धवरावाला जबानीसाठी दोनदा तहसिलात नेलं.

अठ्ठावन्नमध्ये कागद आला. शेत मालनबाईच्या नावावर लागलं होतं. कागद तेलुगूत होता, म्हणून तिनं तो शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतला. उद्धवरावाच्या जबानीवरून लक्ष्मणराव मयत, असं त्यात होतं. पुढे तारीख होती, लॉरी आली त्याच्या तिसऱ्या दिवसाची.

कागद घेऊन ती सरळ उद्धवरावाच्या ओट्यावर गेली. सोबत रेणुकाबाई होती.

"तारीख तुमाले कशी ठाऊक, भाऊजी?"

"नाल्याच्या काठी पाह्यला होता मी," तो म्हणाला. "तिथंच माती देल्ली."

"काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं त तू दुसरं विचारलं असतं."

"ते आता विचारते. तुमी वाकून त्यायले काय म्हनलं?"

मालनबाईनं पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. दुपार कलेपर्यंत ती तिथं बसून होती. मग विहिरीवर गेली आणि कुंकू पुसलं.

त्या वर्षी तिनं आपलं शेत स्वतः पेरलं. ओसरीतला वर्ग तिनं आणि रेणुकाबाईनं पुढे चालवला. खेळातला साहेब आता तेलुगूत विचारू लागला. उद्धवराव त्यानंतर अकरा वर्षं जगला. वर्ग भरला, की तो समोरच्या ओट्यावर येऊन बसे आणि सगळ्यांचे जवाब ऐकत राही. कुणी त्याला उठवलं नाही आणि कुणी त्याच्याशी बोललंही नाही.