मुहूर्ताची वेबसाइट

चाकणच्या चौकात चहाच्या टपरीवर तो मला रोज दिसायचा. मोबाइल बाहीला पुसायचा, एका बोटाने आपल्या वर्कशॉपचं नाव टाकून स्वतःचीच वेबसाइट शोधायचा. यायची दुसऱ्यांची नावं. मग मोबाइल कपाळाला लावून खिशात ठेवायचा. थंडी सरली तरी हेच चालू होतं.

मी कंपनीत कॉम्प्युटरचं बघतो हे कळल्यावर एकदा शेजारी येऊन बसला. “राव, जरा बघता का? साइट कुणालाच का सापडत न्हाई, एवढं तरी कळू द्या.”

त्याच्याच मोबाइलवर साइटची सेटिंग उघडली आणि मी चाटच पडलो. ‘सर्चमध्ये दाखवू नका’ या ओळीपुढे टिक केलेली होती.

“ती मीच कराया सांगितली हुती,” तो म्हणाला. “साइट पितृपक्षात तयार झाली. म्हणलं, दसऱ्याच्या आधी कुणाच्या नजरंला नको. दसऱ्याला कॉम्प्युटरला हार घातला, नारळ फोडला.”

“पण टिक काढलीच नाही कुणी.”

तो स्क्रीनकडे बघत राहिला. “म्हंजी पूजा झाली, अन् शटर बंदच ऱ्हायलं.”

“आत्ता काढतो,” म्हणून मी बोट पुढे केलं. त्याने माझा हात धरला. रोज तेलाने काळी असणारी त्याची नखं आज स्वच्छ होती, हे मला तेव्हा दिसलं.

“ऱ्हाऊ द्या, राव. पार्ट बनवायचं एकच लेथ मशीन हुतं, काम येईना म्हणून ते इकलं. सकाळीच टेम्पोत घालून नेलं. आता गिऱ्हाईक आलं, तर करून काय देऊ?”