होडी साहेबाचं घराणं

गाईडनं राठोड सरांचा प्रबंध एकदा तरी उघडून पाहिला असता, तं आज मले हे सांगाचं काम पडलं नसतं. पण गाईड कायले वाचते? सही करते अन् मोकळा होते. अन् खरी गुन्हेगार तं मीच हाय. ते चारशे पानं म्या माह्या या दोन हातानं टाईप केले. 'होडी' हे नाव तीनशेच्या वर वेळा टाईप केलं, अन् एकदाही विचारलं नाही का बाप्पा, हा माणूस हाय तरी कोण.

मी सत्यशीला. दिग्रसच्या एका कॉलेजात लायब्ररीचं काम पाहते. हरिसिंग राठोड सर तिथंच राज्यशास्त्र शिकवतात. वय चोपन्न, आर्णी रोडवरच्या तांड्यातले, बंजारा. बोलणं कमी, चालणं भरभर, शर्टाच्या खिशाले शाईचा डाग ठरलेला. अकरा वर्षांपासून त्याईनं पीएचडीचा ध्यास घेतला होता. विषय काय, तं सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडच्या वरच्या सभागृहात विधेयकं कशी चालत. घ्या! दिग्रसच्या माणसाले कापूस, सोयाबीन सोडून थेट लंडनचे सरदार. तांड्यात खबर गेली का हरिसिंग 'बिलाचा' अभ्यास करते, तं बाया लाईटचं बिल घेऊन त्याईच्या दारात. सर तेही पाहून देत.

माह्या टेबलाच्या मांगं एक भिंत, अन् भिंतीच्या मांगं सरांचा वर्ग. त्यामुळं तो विषय मले तोंडपाठ झाला. विधेयक आलं का पयले मोठ्यानं वाचाचं, कारण सगळ्याईपाशी प्रत कुठची? मंग दुसऱ्यांदा वाचाचं. मंग काही सरदाराईच्या समितीकडे द्याचं, तिथं खाडाखोड कराची. सुधारलेलं कागदावरून चामड्यावर उतरवाचं, अन् तिसऱ्यांदा वाचाचं. एकदा चामड्यावर उतरलं का बदल जवळपास बंद. मत देताना सगळ्यात लहान सरदार पयले बोले, म्हणजे मोठ्याचं तोंड पाहून कोणी हो ले हो म्हणू नये. न्यायाधीश लोकरीच्या गठ्ठ्यावर बसत, सल्ला देत, मत देत नसत.

एक पोट्टं म्हणे, "सर, आपल्या जिनिंगमंदी गाठीवर बसते तसे?"

"तसेच," सर म्हणाले. "फक्त तुह्यासारखे झोपत नसत."

शेवटचा तास राणीच्या मंजुरीचा. तो मले लय आवडे. सर म्हणत, "राणी कोणत्याच विधेयकाले नाही म्हणत नसे. तिले मंजूर नसलं, तं कारकून फक्त एवढं वाचे, राणी विचार करेल. झालं. ते विधेयक मेलं. अन् ज्याचं वाचून व्हाच्या आधी अधिवेशन संपलं, तेही मेलं. पुढच्या खेपेले पुन्हा पयल्या वाचनापासून."

आता होडीचं सांगते. त्या सभागृहाच्या जुन्या नोंदवह्या आता मोबाईलवर दिसतात. सरांनी त्या रात्रंदिवस चाळल्या. इंग्रजी त्याईले चांगलं ये, पण मधातल्या ओळी लॅटिनमंदी, अन् लॅटिन आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कोण शिकवते? विधेयक वाचल्याच्या ओळीच्या सुरवातीले एकच शब्द, Hodie; बाकीचे शब्द सरांनी डिक्शनरीतून लावले, पण हा मोठ्या अक्षरानं सुरू होये, म्हणून माणसाचं नाव समजले. होडी. होडी, पयल्यांदा, विधेयक वाचलं. होडी, तिसऱ्यांदा, विधेयक वाचलं, पूर्ण झालं. दहा वर्षं पुढं जा, पन्नास वर्षं पुढं जा, तोच होडी.

दुसऱ्या कोणाले हे पाहून शंका आली असती. सरांच्या डोळ्यात पानी आलं. काहून, तं त्याईचे वडील फुलसिंग तांड्याचे कारभारी होते. तांड्यात नायक मोठा, पण निर्णय सगळ्याईसमोर मोठ्यानं सांगाचं काम कारभाऱ्याचं. भांडण मिटलं, लग्न ठरलं, दंड बसला, ते फुलसिंगच्या तोंडून निघालं का पक्कं. अन् कारभारीपण बापाकडून पोराकडे जाते. सर शिकाले बाहेर गेले, म्हणून पगडी चुलतभावाकडे गेली. फुलसिंग वारले तवा कोणत्याच कागदावर त्याईचं नाव नव्हतं. हे शल्य सरांच्या मनात कायमचं होतं.

मंग सरांनी हिशोब लावला. शंभर वर्षं एकच नाव, म्हणजे घराणं असलं पाहिजे. बाप गेला का पोरगा. सरदाराईचे नावं जगाले माहीत, अन् जो उभा राहून वाचे त्याले कोणी विचारत नाही. पाचवं प्रकरण त्याईनं त्याच्यावरच लिहिलं, 'होडी घराणे : एक उपेक्षित कारभारी परंपरा'. अन् पयल्या पानावर अर्पण केलं, 'होडी घराण्यास, आणि माझे वडील कारभारी फुलसिंग यांना'. ती ओळ टाईप करताना मीच रडली. अशी मी शहाणी!

दोन वर्षं गाईडच्या टेबलावर प्रबंध पडून राह्यला. सर विचाराले जात, गाईड म्हणे वाचून राह्यलो. मुदत दोनदा वाढवून झाली. शेवटी गाईडनं सही केली, प्रबंध गेला, अन् तोंडी परीक्षेची तारीख आली. परीक्षेनंतर मुदत संपाले फक्त चार दिवस उरत होते. त्यात झालं तं झालं, नाही तं नोंदणी रद्द. परीक्षा आमच्याच कॉलेजच्या हॉलमंदी, सगळ्याईसाठी खुली.

परीक्षेच्या पाच दिवस आधी मी घरी सरांचे पडद्यावर दाखवाचे पानं तयार करत होती. माही पोरगी निकिता यवतमाळले फार्मसी शिकते, ती सुट्टीत आलती. मांगून डोकावली अन् म्हणे, "आई, हे माणसाचं नाव म्हणून कायले लिहिलं? आमाले पयल्या वर्षाले डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे लॅटिन शब्द हायेत. हॉदिए म्हणजे आज."

"काय आज?"

"आज म्हणजे आज. आज पयल्यांदा विधेयक वाचलं."

रातभर कूस बदलत राह्यली. सांगावं का नाही? नाही सांगितलं तं हॉलमंदी लोकाईसमोर फजिती. सांगितलं तं चार दिवसात तो माणूस करंल काय? सकाळी लायब्ररी उघडल्याबरोबर सर आले, अन् म्या एका दमात सांगून टाकलं.

सर खुर्चीवर बसले. त्याईनं उतरवलेल्या ओळीची वही उघडली, एकेका ओळीवरून बोट फिरवलं. होडी, होडी, होडी. वर पाहून म्हणाले, "मंग वाचलं कोणं, सत्यशीलाताई?"

वाचणाऱ्याचं नावच तिथं नव्हतं.

"सर, दुरुस्तीचा अर्ज करू. तारीख पुढं ढकलू."

"आठ दिवसानं अधिवेशन संपते," सर म्हणाले. "अन् आता चामड्यावर उतरलं."

म्या गाईडले फोन केला. त्याईनं ऐकून घेतलं अन् म्हणे, "मॅडम, तुम्ही नका टेन्शन घेऊ. कोणी वाचत नाही." मले एवढा राग आला का फोनच आपटून द्यावा वाटला.

परीक्षेच्या दिवशी तांडा टेम्पो करून आला. समोरच्या रांगेत सरांची आई मैनाबाई, हातभर बलोयाच्या पांढऱ्या बांगड्या, मांडीवर झेंडूचा हार. बाहेरून आलेले परीक्षक बारीक, पांढऱ्या केसाचे, गोड बोलणारे. सरांनी वाचन, समिती, चामडं, सगळं झकास सांगितलं. पाचव्या प्रकरणापाशी ते थांबले. परीक्षकाईनं चष्मा वर केला. त्याईच्या हातातला प्रबंध पेन्सिलच्या खुणाईनं भरलेला होता. कोणी वाचत नाही म्हणे! याईनं ओळ न् ओळ वाचलती.

"राठोड, हे होडी कोण?"

माह्या मनात आलं, देवा, लाईट जाऊ दे. एरवी दिवसातून चारदा जाते. त्या दिवशी गेली नाही.

सर सरळ उभे राह्यले. "माणूस नाही, सर. हॉदिए म्हणजे आज. मले चार दिवस आधी समजलं. पाचवं प्रकरण चूक हाय."

गाईडनं मान खाली घातली. परीक्षकाईनं पानं मांगं उलटले. पयल्या पानावरची अर्पणाची ओळ त्याईनं वाचली, ते मले दिसलं. मंग प्रबंध बंद केला, अन् अगदी मायेनं म्हणाले, "तुमचा प्रामाणिकपणा मला आवडला. श्रमही मोठे आहेत. मी याचा विचार करतो."

प्राचार्य उठले अन् टाळ्या वाजवाले लागले. मंग सगळा हॉल. तांड्यातले पोट्टे शिट्ट्या मारून राह्यले होते. टाळ्या वाजवत नव्हतो ते आमी दोघंच, सर अन् मी. भिंतीमांगून म्या तो राणीच्या मंजुरीचा तास अकरा वर्षं ऐकलता.

मैनाबाई हार घेऊन उठली. "काय म्हने रे साहेब?"

"याडी, विचार करतो म्हणे."

"मंग चांगलंच झालं ना," ती म्हणाली. "तुह्या बापाचा तं कोणी विचारच केला नाही."

हार टाकाले तिचा हात पुरत नव्हता. सर खाली वाकले.