आषाढात गळ टाकायचा नसतो

गळ टाकण्याआधी तो वाकून समुद्रात बोट बुडवायचा, जिभेला लावायचा आणि तोंड वाकडं करायचा. "आज बी खारटच," असं म्हणून मग माझ्याशेजारी बसायचा. दर शुक्रवारी सकाळी, कुवेतमध्ये फहाहीलच्या किनाऱ्यावर, सात वर्षं. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हालाही वाटलं असतं, की समुद्र एक दिवस गोडा निघेल अशी याला आशा आहे.

खैतानच्या खोलीत आम्ही सहाजण. पाच कोकणातले आणि हा एकटा घाटावरचा, साताऱ्याकडच्या एका धरणाच्या तळ्याकाठचा. कामाला वेल्डर. आम्ही त्याला 'गोडंपाणी' म्हणायचो आणि तो ओ द्यायचा.

पहिल्याच शुक्रवारी यानं खुबूस, म्हणजे इथली रोटी, भिजवून, त्यात भाजलेलं बेसन घालून गोळ्या मळून आणल्या. तळ्यातल्या कटला माशासाठी करतात तशा. मी गुहागरचा, माझ्या डब्यात कोळंबीचे तुकडे.

"अरे, इथला हमूर खुबूस खात नाही," मी म्हटलं.

"कुवेतमधी ऱ्हाऊन?" त्यानं विचारलं.

गोळ्या लाटेत विरून गेल्या. तरी सकाळभर त्यानं माझ्या कोळंबीला हात लावला नाही. असा हट्टी.

गळ पाण्यात आणि तोंडात तळं. थंडीत पाणी काठोकाठ आणि निवळ, तेव्हा आबा, म्हणजे त्याचे वडील, होडी वल्हवतात आणि हा खोल पाण्यात कटल्याला बसतो. चैत्रात पाणी उतरलं की बुडालेल्या जुन्या गावाच्या भिंती वर येतात, आणि मरळ हमखास सापडते ती आबांच्या जुन्या घराच्या चुलीपाशी. आषाढात मासळी अंडी घालायला ओढ्यानं वर चढते. त्या महिन्यात आबा गळ टाकत नाहीत, कुणाला टाकू देत नाहीत. "पोटुशीला धरायचं न्हाई," हे तो आबांच्या आवाजात म्हणून दाखवायचा.

सगळी गोची इथेच होती. त्याच्या कंपनीत रजा मिळायची ती ऐन उन्हाळ्यात, आणि इथला उन्हाळा म्हणजे आपल्याकडचा आषाढ. थंडीत कामाची घाई, फोरमन ऐकूनच घ्यायचा नाही. मग दरवर्षी हा महिनाभर गावी जायचा, आबांच्या शेजारी काठावर नुसता बसायचा आणि परत यायचा. खोलीत आम्ही पोट धरून हसायचो.

गेल्या वर्षी तो रजेवरून आला आणि शुक्रवारी पाण्यात बोट न बुडवताच बसला. मी विचारलं, काय झालं.

"आबांचा हात थरथरतोय वल्ह्यावर. ह्या खेपेला तेच म्हणले, टाक गळ."

"मग?"

"न्हाई टाकला, भाऊ. त्यांनी मोडलं म्हणून मी कसं मोडू? थंडीला येतो म्हणलं."

थंडीची रजा नेहमीप्रमाणे नाकारली. यानं सरळ राजीनामा दिला, अकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, कॅन्सल करायला सांगितला. मी त्याच्यावर उखडलोच. "डोकं फिरलंय का तुझं? घर कोण चालवणार? दोन वर्षं काढ, मग जा."

तो टॉवेलात गळाची चरखी गुंडाळत होता. "दोन वर्षं आबांच्याकडं पायजेत ना, भाऊ."

गेल्या डिसेंबरात त्यानं फोटो पाठवला. होडीच्या टोकाला पाठमोरे आबा, अंगावर इथून नेलेलं जाड ब्लँकेट. मासा कुठेच नाही. खाली त्याच्या आवाजातला निरोप: "काय लागलं न्हाई, भाऊ. दिसभर दोघं बसलो. लई बरं वाटलं."

तो निरोप मी किती वेळा ऐकला, सांगत नाही. माझे वडील गुहागरला वारले तेव्हा मी इथेच होतो. एवढं काम उरकलं की जातो, असं म्हणत होतो. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. उलट त्यालाच शहाणपण शिकवत बसलो.

त्याच्याशिवाय किनाऱ्यावर करमत नाही. तरी जातो. परवाच्या शुक्रवारी आजूबाजूला ओळखीचं कुणी नाही असं पाहून मी वाकलो, पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

खारटच होतं.