चार दिवस पाणी तोडलं

नागपूरहून सौंसरची बस सुटली तेव्हा हत्यारांची पिशवी मी मांडीवरच घेऊन बसलो होतो. कंडक्टर म्हणाला, "वर ठेवा ना भाऊ, कोणी नेत नाही." मी हसलो, पण ठेवली नाही. घरापासून लांब आलं की मला सगळंच हरवेल असं वाटतं. पिशवी, तिकीट, मोबाइल, उतरायचं गावसुद्धा. वेंगुर्ल्याकडून कोल्हापूर, तिथून नागपूर, आणि आता मध्य प्रदेश. आमच्या घरातलं एवढ्या लांब कोणी आलेलं नाही.

हद्द ओलांडल्यावर पाट्या हिंदी झाल्या. मी मनातल्या मनात हिंदी वाक्यं जुळवायला लागलो. बोरगावला एक बाई चढल्या, माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "सरक ना बाप्पा जरासा, माही पिशवी ठिवू दे." राज्य बदललं होतं, भाषा नव्हती. मी एवढा सरकलो की खिडकीला चिकटलो. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली शेतं आणि मधूनमधून संत्र्याच्या काळपट हिरव्या बागा. आमच्याकडे हिरवं म्हणजे डोंगरभर असतं, इथे ते आखून दिल्यासारखं ओळीत उभं होतं.

मी कोल्हापूरच्या एका कारखान्यात फिटर आहे. संत्री लहानमोठी निवडणारी मशीन सौंसरला बसवायची होती. हे काम मीच मागून घेतलं, कारण तिथून पांढुर्णा जवळ, आणि पांढुर्ण्याला पल्लवी राहते.

पल्लवीची ओळख मोबाइलवरच्या स्वयंपाकाच्या एका गटात झाली. सोलकढी गुलाबी होण्यासाठी काय घालतात, असं तिने विचारलं होतं, आणि जो तो बीट सांगत होता. मला राहवलं नाही. मी लिहिलं, "बीट घालणाऱ्यांना पाप लागेल." तिथून आठ महिने झाले. आईने काढलेल्या आगळाची (कोकमाचा घट्ट रस) बाटली मी तिला पोस्टाने पाठवली, ती अर्धी सांडून पोचली, तरी तिने उरलेल्याची कढी करून फोटो धाडला. ती बी.एड. झालेली, शाळेत शिकवते. मी आठवीत शाळा सोडलेली. एकदा तिने सहज विचारलं, "तू आयटीआय केलास की डिप्लोमा?" मी उत्तर म्हणून नुसता हसरा चेहरा पाठवला. तो चेहरा तेव्हापासून माझ्या पोटात बसून होता. रविवारी आम्ही पहिल्यांदा भेटणार होतो. त्याआधी हे सांगून टाकायचं, एवढं मी ठरवून निघालो होतो.

सौंसरला दिवाकरकाका मोटरसायकल घेऊन उभे होते. मशीन त्यांचीच. रामाकोन्याच्या वाटेवर त्यांची बाग, बागेला लागून संत्री भरायची शेड, आणि शेडमागे घर. काकूंनी पाय धुवायला गरम पाणी दिलं आणि ताट वाढलं. ज्वारीची भाकर आणि सोल्याची भाजी (ओल्या तुरीच्या दाण्यांची). आमच्याकडे सोलं म्हणजे आमसुलं, हे मी सांगितल्यावर काकू हसल्या. "घ्या ना जी, लाजून काऊन राहिले? थे तुमचं आंबट वालं नाही हे." अनोळखी माणसाला तिसरी भाकर न विचारता वाढणारं घर मिळालं की लांब आल्याचं मी विसरतो. ती मी पूर्ण खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मशीन जोडली आणि बटण दाबलं. विजेच्या तारा उलटसुलट लागल्या होत्या. रोलर पुढे जायचे ते मागे फिरले आणि टोपलीभर संत्री परत मागे येऊन गुणवंताच्या पायांवर सांडली. गुणवंता म्हणजे तोडणीच्या टोळीचा मुकादम, मिशी कानाकडे वळलेली. मला वाटलं, आता कोल्हापूरला फोन जाणार. गुणवंता संत्री गोळा करता करता म्हणाला, "मशीन लाजाळू आहे बे, मांगं मांगं सरकून राहिली." दोन तारा बदलल्या आणि ती सरळ चालली.

संध्याकाळी शेडसमोर शेकोटी पेटली. काका, गुणवंता, काकांचा पुतण्या विलास आणि मी. गुणवंताने बाटली काढली. मी माझी काढली, ग्लासात आगळ ओतलं, पाणी घातलं, चिमूटभर मीठ.

गुणवंताने माझा ग्लास जाळासमोर धरला. "हे काय होय? गुलाबी?"

"कोकम. पित्तावर चांगलं."

"पित्तावर!" त्याने काकांकडे पाहिलं. "मर्द मानसाचं पिणं म्हंजे मोहाची. पाण्यासारखी साफ. रंगीत पिणं बायकाईचं."

"मंग चहा काय बिनरंगाचा असते काय भाऊ?" विलास म्हणाला.

"चहाची गोठ येगळी."

"काऊन येगळी?"

"तू बोलूच नको. तू नागपूरले जाऊन नळीनं कॉफी पेते."

विलास लग्नाचा होता आणि मोबाइलवर मुली पाहत होता. त्याने आपली हकिगत सांगितली. "तिघींले भेटलो. पयलीसंगं कोल्ड कॉफी नळीनं पेलो, तं म्हणे लहान पोरासारखा पेते. दुसरीसंगं नळी फेकून पेलो, तं मिशीले फेस लागला, थे हसतच राहिली. तिसरीसंगं म्हटलं, कायले भानगड, नुसतं पाणी पेलो."

"मंग?"

"मंग काय. म्हणे, कंजूस दिसते."

काका हसता हसता खोकले. गुणवंता मात्र पेटला. "तुमच्या या भेटीगाठीत मर्दपणाच नाही. आमच्या पांढुर्ण्याचा गडी पोट्टीले घेऊन नदी पार करून राहिला होता, दोन्हीकून गोटे पडून राहिले होते, तरी सोडली नाही त्यानं. त्याच्यापायी आजबी गोटमार होते (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून होणारी दगडफेक). अन् तुम्ही? तुम्ही लोकेशन पाठोता!"

ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या काकू म्हणाल्या, "अन् तो गडी वाचला काय?"

गुणवंताने मिशीवरून हात फिरवला. "नाही... थे दोघंबी गेले म्हणतात."

"मंग लोकेशन पाठोलेलं बरं. अन् मर्द तो, जो आपला गिलास आपण धुते. आधी धुवा, मंग बोला."

गुणवंता मुकाट उठला आणि हौदावर ग्लास विसळून आला.

मग सगळे माझ्याकडे वळले. माझं कुठे जमलं का, विचारलं. खोटं मला नीट बोलता येत नाही, म्हणून मी निम्मं खरं सांगितलं. मुलगी आहे, पांढुर्ण्याची, रविवारी भेटायचंय, रोज मेसेज करतो.

"रोज?" गुणवंता म्हणाला. "दिवसातून किती खेपा?"

"सकाळ, दुपार, संध्याकाळ."

"अबे, औषध होय काय?" तो सरसावून बसला. "सकाळी बाग पाह्यली ना तू?"

पाहिली होती. फळं उतरलेल्या एका तुकड्यातली झाडं मलूल होती, पानं मुडपलेली. मी घाबरून काकांना विचारलं होतं, रोग पडला का. काका म्हणाले होते, "ताण देला आहे." म्हणजे झाडाचं पाणी मुद्दाम तोडायचं. झाडाला वाटतं, आता आपलं काही खरं नाही. मग थंडीच्या अखेरीला पाणी सोडलं की ते सगळं अंग फुलून येतं. पाणी चालूच ठेवलं तर नुसता पाला वाढतो, फूल येत नाही.

"पोट्टीलेबी तसाच ताण द्या लागते," गुणवंता म्हणाला. "आजपासून इतवारपर्यंत एक मेसेज करू नको. पाह्यजो, कशी बहरते थे."

विलासने मान डोलावली. काका काडीने निखारे सारत राहिले.

आता लिहिताना मला लाज वाटते, पण मी ते ऐकलं. त्यांच्यावर विश्वास होता हे एक. दुसरं म्हणजे मला बरंच वाटलं. मेसेज करायचा नाही म्हणजे आठवीचं सांगायचंही नाही.

बुधवारी तिचा मेसेज आला, "मशीन चालली?" गुरुवारी, "जेवतोस ना वेळेवर?" शुक्रवारी, "काही झालंय का?" मी प्रत्येक मेसेज वाचायचो आणि मोबाइल हत्यारांच्या पिशवीत टाकायचो. शनिवारी काहीच आलं नाही. त्या दिवशी पाना माझ्या हातातून तीनदा पडला.

दुपारी काकू चहा घेऊन शेडमध्ये आल्या. "उद्या जाता ना पांढुर्ण्याले? मुद्दाम पोहे करून देतो म्हटलं तिच्या घरी न्याले." मग मी सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा कप मशीनवर आपटला.

"गुणवंताचं ऐकलं तुम्ही? त्याची बायको दिवाळीपासून माहेरी आहे. तिनं त्याले ताण देला, त्याले तं अजून एक फूल आलं नाही!"

मी तिथेच उभ्या उभ्या लिहिलं, "उद्या येतोय. चालेल?" उत्तर यायला तास लागला. "ये." एवढंच.

पांढुर्ण्याच्या बसमध्ये मी ते एक अक्षर कितीदा पाहिलं ते सांगत नाही. गाव मोठं, गजबजलेलं, संत्र्यांच्या ट्रकांनी रस्ता अडलेला. स्टेशनजवळच्या एका हॉटेलात ती आधीच बसली होती. फोटोत होती त्यापेक्षा बुटकी, स्कूटीचं हेल्मेट मांडीवर. हसली नाही. तिने कडक चहा सांगितला, मी गुलाबदूध. मालकाने चहा माझ्यासमोर ठेवला आणि दूध तिच्यासमोर. तिने न बघता दोन्ही ग्लासांची अदलाबदल केली.

"चार दिवस कुठे होतास?"

मी ताणाचं सांगितलं. गुणवंताचं, शेकोटीचं, सगळं. तिचे ओठ जरा हलले, पण ती हसली नाही.

"माझ्या मामाची बाग आहे," ती म्हणाली. "ताण किती दिवस द्यायचा हे माती पाहून ठरवतात. भारी मातीला जास्त, हलक्या मातीला कमी. हलक्या मातीत चार दिवस जास्त झाले की झाड वाळूनच जातं. तू माझी माती पाहिलीस काय कधी?"

"नाही."

"मला वाटलं, भेटायची वेळ आली तसा पळाला."

"पळालोच होतो," मी म्हणालो. आणि दुधाला हात न लावता सांगितलं. आठवी. तीही पूर्ण नाही. आयटीआय नाही, डिप्लोमा नाही. काम एका मिस्त्रींनी हाताला धरून शिकवलं.

तिने चहा संपवला. मग उठली. "बाबा घरी आहेत. ते आल्या माणसाला पहिलं हेच विचारतात, कितवी शिकला. काय सांगायचं ते तूच सांग."

"आत्ता?"

"आत्ता."

तिचे बाबा निवृत्त शिक्षक, गल्लीत सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. काकूंचे पोहे मी टेबलावर ठेवले. त्यांनी खरंच पहिलं तेच विचारलं. मी खरं सांगितलं.

"का सोडली?"

"बाबा आजारी पडले. होडीवर माणूस लागत होता."

"शाळेतून घरी कोणी आलं नाही?"

"नाही."

त्यांनी चष्मा काढला. "मी सायकलनं जात होतो. पोरगं चार दिवस वर्गात दिसलं नाही, की पाचव्या दिवशी त्याच्या दारात. काही परत आले, काही नाही आले. पण जात होतो." ते चष्मा पुसू लागले. "तुमच्याही दारात कोणीतरी यायला पाहिजे होतं जी."

इतकी वर्षं मी म्हणत आलो, मी शाळा सोडली. शाळेनेही मला सोडलं होतं, हे कोणी म्हटलं नव्हतं, आणि ते एका मास्तरांनी म्हणावं! पल्लवीने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

निघताना गुरुजी म्हणाले, "पोरीचं पोरीला विचारा. माझं म्हणाल, तर पुढच्या खेपेला आईला घेऊन या."

स्टँडवर पल्लवी स्कूटी बंद न करता उभी राहिली. "बाबांचं झालं. माझं झालेलं नाही. आठवीचं मला काहीच वाटत नाही असं म्हणाले तर खोटं होईल, थोडं वाटतं. त्या हसऱ्या चेहऱ्याचं जास्त वाटतं."

"मग आता?"

"आता रोज लिही. शाळा सुटली तो दिवस मला सांग, पूर्ण. मधेच चेहरे पाठवू नको."

सौंसरला परत आल्यावर गुणवंताने सगळं श्रेय घेतलं. "पाह्यलं? लागू पडला ना ताण!" काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो तिथून उठलाच. तीन दिवसांनी मशीन काकांच्या ताब्यात देऊन मी निघालो, तेव्हा तो शेडमागे येऊन हळूच म्हणाला, "थे पित्ताचं उरलं हाय काय?" मी बाटली दिली. त्याने ती कोणाला दिसणार नाही अशी सदऱ्याखाली धरली. काकूंनी संत्र्यांची पिशवी दिली आणि काकांनी पाठीवर हात ठेवला. मी दोघांच्या पाया पडलो.

मर्दपणावर त्या शेकोटीपाशी बरंच ऐकलं, पण कोणाचं बरोबर ते मला अजून ठरवता आलेलं नाही. एवढंच कळलं की आठ महिने मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती ती एका लहानशा खऱ्या वाक्याची, आणि ते बोलल्यावर समोरच्या माणसाने चष्मा काढून माझ्या बाजूने बोलावं, एवढं नशीब मला घरापासून इतक्या लांब मिळालं.

नागपूरला गाडीत बसलो. पिशवी या वेळी वर ठेवली आणि मोबाइल हातात घेतला. "त्या दिवशी गणिताचा तास होता," असं लिहिलं, मग थांबलो, मग पुढे लिहीत गेलो. माझी बाकावरची जागा, मला न्यायला बाहेर येऊन उभा राहिलेला माझा मामा, दप्तर तसंच ठेवून गेलो ते. वर्धा आलं तेव्हा मी पाठवलं. ती शाळेत असणार, मधल्या सुट्टीशिवाय वाचणार नाही, असं मला वाटत होतं. गाडी हलायच्या आत उत्तर आलं.

"पुढे?"

मी पुढचं लिहायला घेतलं.